बाही सोडू नकोस

४ मार्च

दादा,

फोन करत नाही. फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. त्यात मागे वहिनी टीव्हीवर बॉक्सिंग लावून बसलेली असते, तिच्या ‘अरे मार की डावीकडून’मध्ये माझं निम्मं बोलणं वाहून जातं. पत्र तरी तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

गेल्या महिन्यात झालं ते मी तुला ‘किरकोळ पडले’ एवढंच सांगितलं होतं. किरकोळ नव्हतं. संध्याकाळी सात वाजता शटर ओढून कुलूप लावायला वाकले, तेवढ्यात मागून स्कूटरवर दोघं आले आणि माझ्या खांद्यावरची पिशवी ओढली. मी सोडली नाही. सोडली असती तर बरं झालं असतं, कारण पिशवीबरोबर मीही चार पावलं फरफटत गेले. दोन्ही गुडघे सोलले आणि पिशवी गेली ती गेलीच. आत होतं काय, तर चष्मा, टेप आणि माझी मोठी कात्री. चोरांना शिवणकाम येत असेल तर त्यांचं भलं होवो.

गुडघे बरे झाले, भीती काही बरी होत नाही. मागून स्कूटरचा आवाज आला की पाठ ताठ होते. पाच वाजले की मी दुकान बंद करते. तुला माहीत आहे, माझं गिऱ्हाईक ऑफिस सुटल्यावर येणारं. सहा ते आठ हेच माझं दुकान, बाकी दिवसभर मी मशीनशी गप्पा मारते. आता बायका येतात, बंद शटर बघतात आणि निघून जातात.

हे आमच्या चिरंजीवांना कळलंय. ते म्हणतात, ‘आई, पुरे झालं आता. एक जूनला येतो, दुकान आवरू, तू आमच्याकडे चल.’ माझ्यासाठी खोलीसुद्धा रंगवून ठेवली आहे. सूनबाई गुणी आहे, खोलीला खिडकी आहे, तक्रार तरी कशाची करू? पण ती त्यांची खोली आहे. मला माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीवर म्हातारं व्हायचं आहे.

तर मुद्दा असा. तू तीस वर्षं लोकांच्या पोरांना ज्युदो शिकवलास. आता एकसष्ट वर्षांच्या बहिणीला एक फटका शिकव. एकच, पण असा की समोरच्याला त्याची आजी आठवली पाहिजे.

तुझी,
टाचणी

११ मार्च

टाचणी,

पत्र वाचलं. तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवलं. ती म्हणते डावीकडून मार. तिचं ऐकू नकोस.

ज्युदोत फटका नसतो. धरायचं, तोल घालवायचा, पाडायचं. आणि त्याच्याही आधी पडायला शिकायचं. मी पहिले तीन महिने कुणालाही दुसरं काही शिकवलं नाही. पालक येऊन विचारायचे, आमचा मुलगा नुसता पडतोच का. तुझ्या वयात तर चोरापेक्षा ओली फरशी जास्त माणसं पाडते.

गादी जमिनीवर टाक. तिच्यावर उकिडवी बस. हनुवटी छातीला लाव, खाली एक सुई धरली आहे आणि ती पडू द्यायची नाही असं समज. मग मागे लोळ. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगाच्या बाजूला गादीवर सपाट आपट. डोकं टेकता कामा नये. रोज वीस वेळा. पलंगावर करू नकोस, खाली जाशील.

पिशवी सोडायची असते. पिशवी पुन्हा शिवता येते, गुडघा नाही. हे कागदावर लिहून मशीनवर चिकटव.

बाकीचं पत्राने शिकवता येत नाही. तुमच्या इथे पोस्टामागच्या गल्लीत, व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर एक बाई शिकवतात. मंगळवार आणि शुक्रवार, साडेसहा ते आठ. तिथे जा. माझं नाव सांगू नकोस. ओळख निघाली की लोक सवलत देतात आणि सवलतीत शिकलेला माणूस खरा पडला की मोडतो.

जाताना भीती वाटेल. वाटू दे.

दादा

ता.क. गुडघ्याचे पट्टे मिळाले. बरोबर बसतात.

२ एप्रिल

दादा,

वीस वेळा म्हणे. पहिल्या दिवशी तिसऱ्या वेळेलाच खालच्या मजल्यावरचे भाडेकरू वर आले. ‘काकू, कपाट पडलं का?’ मी म्हटलं, नाही, मीच. आता त्यांना सवय झाली आहे. सकाळी सातला माझा आवाज आला नाही तर तेच विचारायला येतात.

वर्गाला गेले. एकटी गेले असं खोटं सांगत नाही. माझी एक गिऱ्हाईक आहे, नर्स, तिची ड्यूटी कधीही सुटते. तिला म्हटलं, तूही चल, दोघी पडू. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकींचा हात धरून त्या गल्लीतून गेलो. वर पोचलो तर सगळी दहा-बारा वर्षांची मुलं. एका मुलीनं मला विचारलं, ‘आजी, तुम्ही कुणाला न्यायला आलात?’ मी म्हटलं, तुलाच पाडायला. ती खूश झाली. आता तीच माझी जोडीदार आहे आणि मला दिवसाला पंधरा वेळा पाडते.

सूट मीच शिवला. तुझ्या वर्गासाठी आणलेल्या जाड कापडाचा एक तागा अजून कपाटावर होता. दुहेरी शिवण, कॉलर सहा पदरी, अगदी पूर्वीसारखी. मॅडमनी पहिल्या दिवशी माझी कॉलर पट्ट्यात नीट खोचून दिली आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. विचारलं, ‘कुणी शिवला?’ मी म्हटलं, मीच, टेलर आहे मी. ‘छान आहे,’ म्हणाल्या आणि दुसऱ्या रांगेकडे गेल्या.

बाई मोठी शांत. वय पस्तीस-छत्तीस असेल. कुणावर आवाज चढवत नाहीत. फक्त एका गोष्टीला कडक आहेत. ज्याला पाडलं त्याची बाही सोडायची नाही. तो खाली पोचेपर्यंत त्याची बाही वर ओढून धरायची, म्हणजे त्याचं डोकं आपटत नाही. परवा एका मुलानं जोशात सोडली, तर सगळा वर्ग थांबवून त्यांनी आम्हाला बसवलं. म्हणाल्या, ‘पाडणं कुणालाही येतं. पाडलेल्याला सांभाळणं म्हणजे ज्युदो.’ त्या मुलाची मान खाली, आणि मला एवढं आवडलं की मी मशीनवरच्या कागदाखाली तेही लिहून चिकटवलं.

एक सांग, तुला वार, वेळ आणि मजला सगळं कसं रे माहीत? एवढ्या लांब बसून?

दुकान अजून पाचलाच बंद होतं. मंगळवारी-शुक्रवारी मात्र सव्वासहाला, कारण नाहीतरी बाहेर पडायचंच असतं.

तुझी,
टाचणी

१० एप्रिल

टाचणी,

वीसची तीस कर. नर्सबाईंनाही सांग.

रस्त्याने जाताना फुटपाथच्या आतल्या बाजूने चाल. पिशवी रस्त्याच्या बाजूला नको, भिंतीच्या बाजूला. कुलूप लावताना वाकायच्या आधी एकदा मागे वळून बघ. हे ज्युदो नाही, हे डोकं आहे. निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं.

वार आणि वेळ कुठेतरी वाचली असेल. लक्षात नाही.

दादा

ता.क. वन्सं, मी तुमची वहिनी. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी मारते. तुमचं ते बाहीचं वाचलं आणि चहा तसाच ठेवून हे गॅलरीत जाऊन उभे राहिले. विचारलं तर म्हणाले, गुडघा. मला काही गुडघा वाटला नाही. आणि डावीकडूनच मारा, मी तीस वर्षं बॉक्सिंग बघतेय.

२९ एप्रिल

दादा,

आज तुला जरा दरडावून लिहिणार आहे, तेव्हा बसून वाच.

मंगळवारी मॅडमचं जाकीट बगलेत उसवलं. मी म्हटलं द्या, घरी नेऊन शिवून आणते. त्या नको नको म्हणत होत्या. जुनं जाकीट, बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या, धुऊन धुऊन मऊ झालेलं. दुकानात आणून उलटं केलं आणि माझा हातच थांबला. कॉलरच्या आत लाल दोऱ्याच्या तीन गाठी, एका ओळीत.

तुला आठवतंय ना? तू मला पत्रातून मुलांची मापं पाठवायचास आणि मी सूट शिवून पार्सल करायचे. सगळे सूट सारखे दिसतात, मुलं एकमेकांचे घालून जातात म्हणून तू ओरडायचास, तेव्हा मी प्रत्येकाच्या कॉलरमध्ये लाल दोऱ्याची वेगळी खूण घालायला लागले. कुणाला चौकट, कुणाला फुली. आणि तीन गाठी फक्त एकीला, कारण तुझ्या कागदावर नाव नसायचं, नुसतं ‘मुंगी’ लिहिलेलं असायचं. मुंगीच्या अंगाचे तीन भाग म्हणून तीन गाठी.

मी त्या पोरीला कधी पाहिलं नव्हतं. पण छाती चोवीसपासून बत्तीसपर्यंत माझ्या हाताखाली वाढली ती. एकदा तर तू एका वर्षात तीनदा बाह्या वाढवून मागितल्यास आणि मी लिहिलं होतं, हिला खायला काय घालतोस. मग एक दिवस मापं यायची बंद झाली. तू म्हणालास गुडघा गेला, वर्ग बंद केला. मी विश्वास ठेवला.

म्हणजे तू मला मुद्दाम मुंगीकडे पाठवलंस. आणि नाव सांगू नकोस म्हणालास तो तुझा मोठेपणा आहे असं मी समजले, केवढी मी भाबडी. काय झालं होतं तुमच्यात? मी त्यांना अजून काही बोललेले नाही. जाकीट शिवून, घडी घालून परत दिलं. आधी तुझ्याकडून ऐकायचं आहे.

आणि दुकान आता रोज सहाला बंद होतं. एक तास परत मिळवला. एक जूनला जेमतेम पाच आठवडे आहेत.

टाचणी

१४ मे

वन्सं,

दोन आठवडे झाले तरी उत्तर नाही म्हणून तुम्ही काळजीत असाल. तब्येत बरी आहे. पत्र लिहायला बसतात, ‘टाचणी’ एवढं लिहितात आणि कागद फाडतात. टोपलीत नऊ टाचण्या झाल्या.

मी काही बोलणार नव्हते, पण आता बोलते. ह्यांच्या कपाटात खालच्या खणात एक पाकीट आहे. त्या मुलीबद्दल पेपरात काही आलं की हे कात्रण कापून ठेवतात. तिनं वर्ग काढला तेव्हा वेळापत्रकासकट जाहिरात आली होती, तीही आहे. मला वाटायचं, आपली विद्यार्थिनी, अभिमान असेल. पण अभिमान असता तर भिंतीला लावलं असतं, खणात कशाला?

काल मी त्यांना म्हटलं, बॉक्सिंगमध्ये माणूस कोपऱ्यात अडकला की एकतर मारतो नाहीतर मिठी मारतो, पण कोपऱ्यात एकोणीस वर्षं कुणी उभं राहत नाही. तर म्हणाले, तुला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही. पण आज सकाळपासून दार लावून लिहीत बसलेत, आणि अजून फाडल्याचा आवाज आलेला नाही.

तुमची,
वहिनी

१५ मे

टाचणी,

गुडघ्याला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं.

राज्याच्या संघाच्या निवडीला आठ दिवस होते. मुंगी सतरा वर्षांची होती. तिच्यासारखं पोर माझ्या हातून पुन्हा होणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी निवड समितीची माणसं वर्ग बघायला येणार होती. मी मुंगीला धरून एक डाव मुलांना दाखवत होतो. ती माझ्या कंबरेवरून निघाली, तेवढ्यात दारात माणसं आली आणि मी दाराकडे बघितलं. बघायला नको होतं. बाही सुटली. ती खांद्यावर पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं, त्याचा आवाज मी ऐकला.

तीस वर्षं मुलांना एकच गोष्ट सांगितली, बाही सोडू नका. आणि स्वतः सोडली, तीसुद्धा कुणासाठी, तर चार माणसांनी बघावं म्हणून.

दवाखान्यात गेलो होतो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी परत आलो. दोन महिन्यांनी वर्ग बंद केला. गुडघ्याचं सांगितलं, कारण गुडघ्याला कुणी पुढे प्रश्न विचारत नाही.

तुला तिच्याकडे पाठवलं, कारण तुला सांभाळून पाडेल असं दुसरं कुणी मला माहीत नाही. एवढंच. तिला काही सांगू नकोस.

दादा

२३ मे

दादा,

एकोणीस हिवाळे. दर वर्षी लोकरीचे पट्टे, आत अस्तर, वर इलॅस्टिक. ते तू ठणठणीत गुडघ्यांवर चढवलेस. याबद्दल मी तुला सवडीनं बघून घेईन.

तू म्हणालास सांगू नकोस, मी तुझं नावसुद्धा घेतलं नाही. शुक्रवारी वर्ग सुटल्यावर मॅट गुंडाळायला थांबले आणि माझी जुनी मापांची वही मॅडमच्या पुढे उघडून ठेवली, बास. मुंगी, छाती चोवीस. मुंगी, छाती साडेपंचवीस. पान उलटत उलटत त्या मॅटवर खाली बसल्या. म्हणाल्या, ‘मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. अशी कॉलर दुसरं कुणी शिवत नाही.’ मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाल्या, ‘मला वाटलं तुम्ही सरांना न सांगता आलात. त्यांना कळलं तर तुमचं येणं बंद करतील.’

मग त्यांनी त्या दिवसाचं सांगितलं. आता नीट वाच, दादा, घाई करू नकोस. त्या म्हणतात, सरांनी बाही सोडलीच नव्हती. निवडीची माणसं दारात दिसली आणि मॅडमना त्यांच्यासमोर पाठीवर पडायचं नव्हतं. हवेत असतानाच अंग पिळून त्यांनी तुझ्या हातातून बाही ओढून घेतली, वळून पायावर उतरायला गेल्या आणि खांद्यावर आदळल्या. सतरा वर्षांचा शहाणपणा. तू दवाखान्यात आलास तेव्हा तोंड भिंतीकडे होतं ते रागानं नाही, शरमेनं. पुढे तू वर्ग बंद केलास तो ह्या आगाऊ मुलीमुळे मन उडालं म्हणून, असं त्या आजवर धरून बसल्या आहेत. दोनदा तुझ्या जिन्यापर्यंत येऊन परत गेल्या.

आता तू म्हणशील, ती मला बरं वाटावं म्हणून बोलते आहे. मलाही तशी शंका आली, मी तुझीच बहीण. पण त्यांनी त्याच संध्याकाळी आईला हे खरं सांगितलं होतं आणि मोडलेल्या हाडासकट आईची बोलणी खाल्ली होती. ती माउली अजून आहे, आणि तिला अजून राग आहे. विचार जाऊन.

कोण खरं ते मला ठरवायचं नाही. तुझी नजर दाराकडे गेली असेल, तिनं हात ओढला असेल, दोन्ही एकदम झालं असेल. पण एका चुकीचे दोन मालक, आणि दोघंही ‘माझी, माझी’ म्हणून एकोणीस वर्षं कवटाळून बसलेले, असं मी तरी दुसरीकडे बघितलं नाही. सगळं ऐकून मी मॅटवरच रडले. मग त्या रडल्या. मग नर्स चप्पल विसरली म्हणून परत आली आणि कुणाला लागलंय ते शोधायला लागली.

दुकान आता साडेसातला बंद होतं. काल एकटी घरी आले, मागून स्कूटर गेली, मी वळून बघितलं आणि पुढे चालायला लागले. पाठ ताठ झाली, पण पाय थांबले नाहीत. चिरंजीवांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ‘आई, हे सगळं ठीक आहे, पण मी एक तारखेला येतोय.’ त्यांनी टेम्पोसुद्धा ठरवलाय. त्यांच्यासमोर माझं तोंड चालत नाही, कारण ते प्रेमानं बोलतात. ते भांडले असते तर मी जिंकले असते.

तुझी,
टाचणी

२ जून

दादा,

झालं ते असं.

चिरंजीव एकऐवजी तीस तारखेलाच आले, मला आश्चर्याचा धक्का द्यायला. साडेसात वाजले होते, बाहेर उजेड होता. मी मागे वळून बघितलं, तू सांगितल्याप्रमाणे, मग वाकून कुलूप लावलं. तेवढ्या वेळात हा पठ्ठ्या कोपऱ्यावरून आला. आईच्या खांद्यावर जड पिशवी दिसली, म्हणून मागून येऊन पिशवीचा बंद धरला आणि ओढला. ‘दे इकडे’ म्हणाला असं आता तो सांगतो. त्याच वेळी रस्त्यावरून स्कूटर गेली, मला काही ऐकू आलं नाही.

पुढचं मी केलं असं म्हणता येत नाही, ते झालं. पिशवी मी सोडली, हे आधी वाच, सोडली. पिशवी एकदम सैल सुटली तसा तो मागे झुकला, आणि मी वळले, माझा हात त्याच्या बाहीवर, दुसरा छातीशी, एक पाऊल पुढे आणि पाय त्याच्या गुडघ्यामागून. त्या दहा वर्षांच्या पोरीला महिनाभर हेच करत होते. पाच फूट दहा इंचाचा इंजिनिअर शटरसमोर आडवा झाला.

पण दादा, बाही सुटली नाही. मी तोंडाकडे बघितलंसुद्धा नव्हतं, चोर आहे असंच धरून चालले होते, तरी हात आपोआप वर ओढत राहिला. त्याचं डोकं फरशीपासून वीतभर वर राहिलं. आणि मग त्या बाहीकडे बघितलं तर कापड ओळखीचं. गेल्या वर्षी त्याच्यासाठी मीच शिवलेला शर्ट. दुहेरी शिवण, एक टाका उसवला नव्हता. खालून आवाज आला, ‘आई, मी आहे.’

मी त्याच्या शेजारी फरशीवरच बसले. शेजारचे किल्लीवाले पाणी घेऊन धावत आले. काय झालं म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, मुलगा आलाय.

घरी येऊन त्याला गरम पाण्याची पिशवी दिली. बूड शेकत बसला होता. मी चार वेळा माफी मागितली. जेवताना दुसरी पोळी घेतली आणि म्हणाला, ‘त्या खोलीत हिला शिकवणीसाठी टेबल ठेवायचं होतं. ठेवलं तर चालेल ना? तू राहायला आलीस की काढू.’ मी म्हटलं, ठेवा की. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभी राहून रडून घेतलं. एवढं मोकळं मला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं. सकाळी त्यानं टेम्पो रद्द केला आणि शटरला तेल घालून दिलं, आता एका हातानं खाली येतं.

जाण्याआधी तो वर्ग बघायला आला होता. मॅडमनी विचारलं, ‘पडताना हनुवटी छातीला होती का?’ बिचारा म्हणाला, ‘नव्हती, पण आईनं धरलं होतं.’ मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सरांना पत्र लिहिलंय, पोचेल दोन दिवसांत.

दुकानावर आजपासून पाटी लावली आहे. वेळ, सकाळी दहा ते रात्री आठ; मंगळवारी-शुक्रवारी सव्वासहापर्यंत.

तुझी,
टाचणी

८ जून

टाचणी,

दोन चुका केल्यास. फरशीवर पाडायचं नसतं, आणि आधी ओरडायचं असतं. ओरडली असतीस तर पोरगा बोलला असता. पण समोर चोर आहे असं वाटत असतानाही बाही धरून ठेवलीस. माझ्या तीस वर्षांतल्या मुलांमध्ये हे किती जणांना जमलं असतं, मला माहीत नाही. मी तुझ्यावर खूश आहे. हे पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा पत्र जपून ठेव.

मुंगीचं पत्र आलं. सात पानं. तिला उत्तर लिहिलं, पेटीपर्यंत गेलो आणि परत घेऊन आलो. हे पत्राने होत नाही. वीस तारखेच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. एकवीसला मंगळवार आहे.

तेव्हा तोवर एक सूट शिव. जुना मी देऊन टाकला होता. मापं अशी. उंची पाच फूट सात. छाती बेचाळीस. पोट अडतीस. बाही मनगटाच्या दोन बोटं वर ठेव, धरायला बरी पडते. कॉलर सहा पदरी. आत लाल दोऱ्याची खूण घाल, मुलांच्या सूटमध्ये मिसळायला नको.

पट्टे यंदा पाठवू नकोस.

दादा

ता.क. वन्सं, पोट चव्वेचाळीस धरा. टेप माझ्या हातात होती आणि हे श्वास ओढून उभे होते. बाही मोजायला हात पुढे करा म्हटलं, तर हात सारखा मागे घेत होते, म्हणून ते माप मी तीनदा घेतलं. ते बरोबर आहे.